पारंपरिक नव्हे, बेनिल्दा!

तीर्थरूप तोता मावशीस,

बोगोताच्या थंडीत दात वाजवत बसलेल्या बेनिल्दाचा वाकून नमस्कार (अंगात एकावर एक स्वेटर आहेत, त्यामुळे निम्म्यापर्यंतच वाकता आलं, तेवढा गोड मानून घे).

तुझी तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाहीये, खरंच विचारतेय. कारण इथे छापील पुस्तकात तू वारली आहेस. ‘कैलासवासी एक वृद्धा’ असं स्वच्छ लिहिलंय. वाचून मी आधी छातीवर क्रूस काढला. मग आठवलं, की परवाच तू माझ्यासाठी सुकी कोळंबी पाठवलीस आणि वर निरोप दिलास, की ‘तुझ्या हाताला चव नाही, निदान वास तरी येऊ दे.’ मेलेल्या बाईला इतकं झोंबणारं बोलणं जमायचं नाही. (फ्लोरिपेस बाई, मावशीला वाचता येत नाही म्हणून तुम्ही हे पत्र धक्क्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार, ते मला ठाऊक आहे. एवढा परिच्छेद जरा सांभाळून वाचा. नाहीतर गावातल्या बायका तिथेच मयताची गाणी सुरू करतील, आणि आपल्याकडे ती एकदा सुरू झाली की नऊ रात्री थांबत नाहीत. मावशी समोर बसून शेंगा सोलत असली तरीसुद्धा!)

तुला मारलं कुणी, तर त्या प्राध्यापक लिसांद्रोंनी. आठवतात ना? मिशीवाले, गळ्यात यंत्र अडकवून आपल्या नदीवर गाणी गोळा करत फिरत होते ते? तूच नंतर गावभर हसत सांगत होतीस, की ‘हे गाणं माझ्या भाचीनं केलंय’ म्हटलं की गृहस्थ यंत्र बंद करायचे, आणि ‘हे माझ्या पणजीच्या आजीचं आहे’ म्हटलं की यंत्र सुरू करून वर माशाचं कालवणही मागून घ्यायचे. तू पाहुण्याचं मन मोडत नाहीस. तू दिल्यास ठोकून दोन पणज्या. झालं! माझं होडीचं गाणं त्यांच्या पुस्तकात गेलं आणि खाली छापलं: ‘पारंपरिक. कवयित्री अज्ञात.’

आता तेच गाणं काळ्या कवयित्रींच्या मोठ्या संग्रहात पहिल्या पानावर येणार होतं, आणि खाली तेच, ‘अज्ञात’. विनोद बघ, की मलाही त्याच संग्रहाच्या कविसंमेलनाचं बोलावणं होतं. मी बंदरातल्या शिवणाच्या दुकानातून रजा काढली, मालकिणीच्या शिव्या खाल्ल्या आणि बसमध्ये बसले ती एकाच हट्टानं: त्या गाण्याखाली माझं नाव लागल्याशिवाय परत यायचं नाही.

सभागृहाच्या दारात एक गोड मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाचणाऱ्यांनी मागच्या दारानं यायचं हं, ताई.” मी म्हटलं, मी कविता वाचायला आलेय. ती म्हणाली, “हो हो, नाचून झाल्यावर बघू.” मावशी, मी भांडायला तोंड उघडलं, पण मागच्या दारानं आपल्या किनाऱ्याची पोरं ढोल घेऊन निघाली होती, त्या घोळक्यात मीही आत ढकलली गेले, आणि डोळे उघडून बघते तर मी मंचावर, हातात कुणाचा तरी बांबूचा खुळखुळा. मग काय करते? नाचले. मी कशी नाचते ते तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात तू स्वतः मला धरून खाली बसवलं होतंस. पण इथे पहिल्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली, “रक्तातच असतं त्यांच्या!” ढोलवाला पोरगा माझ्या कानात म्हणाला, “आत्या, पाय तरी आळीपाळीनं उचल.”

नाचून झाल्यावर धापा टाकत मी माझी कविता, तेच होडीचं गाणं, सुरू केली.

*होडी माझी, वल्हं माझं, हात माझेच काळे,
पलीकडच्या काठावरती नाव कुणाचं निघाले?*

आणि थांबले. आपल्याकडे एवढं म्हटलं की सगळ्या बायका मिळून ‘वल्हव बाई, वल्हव’ म्हणतात. नाही म्हटलं तर गाणारणीनं तीच ओळ पुन्हा म्हणायची, जबाब येईस्तोवर. अर्धवट सोडली तर अपशकुन. इथे कोण जबाब देतंय? सगळे हाताची घडी घालून चिडीचूप. मी पुन्हा म्हटलं. चिडीचूप. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ओरडून म्हटलं. तरी चिडीचूप. एक म्हातारे कवी तर डोळे मिटून मान डोलवत होते, मला वाटलं घेरी आली. मी म्हणतेय, म्हणतेय, घसा कोरडा पडला, ढोलवाली पोरं जेवायला गेलेली, मला सोडवणारं कुणी नाही. शेवटी हात टेकले आणि ‘वल्हव बाई’नंतर तू जोडतेस तो तुझा जबाब मीच म्हणून टाकला:

*पाण्यानं जे नेलं बाई, पाणीच आणून देईल,
भरती आली की नदीसुद्धा उलटी चालत येईल!*

आणि सभागृह उठून उभं राहिलं की गं! टाळ्या, शिट्ट्या, एका बाईंनी तर मला मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की ‘पुनरुक्तीचा असा धाडसी प्रयोग आपल्या कवितेत यापूर्वी झालेला नाही.’ धाडस कसलं डोंबलाचं! मी जबाबाची वाट बघत होते. आणि पेपरात माझं नाव? ‘किनाऱ्यावरील एक नर्तकी.’ माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तडक ग्रासिएला बाईंकडे गेले. या संग्रहाच्या संपादक. स्वतः काळ्या, स्वतः कवयित्री, गरम चॉकलेटमध्ये चीज बुडवून खातात (आपण बोलायचं नाही). त्यांच्याकडे नेमके मिशीवाले बसलेले. मी म्हटलं, ते गाणं माझं आहे. प्राध्यापक असे हसले, जशी मी चंद्र माझा म्हणून मागायला आले होते. म्हणाले, “बाई, हेच तर त्या परंपरेचं सौंदर्य! तिथल्या प्रत्येक स्त्रीला वाटतं की गाणं आपणच केलं.” मी म्हटलं, प्रत्येकीला नाही वाटत, मला वाटतं, कारण मी केलं, धाकटी पोटात असताना, होडीत. ते म्हणाले, “पुरावा? ज्या वृद्धेनं सांगितलं, ती बिचारी हयात नाही.” मी म्हटलं, का नाही? परवा कोळंबी पाठवलीय तिनं, वास घ्या! आणि पिशवी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. ग्रासिएला बाईंना ठसका लागला.

तरी ते आपले तेच: निनावी असण्यातच थोरवी आहे, नाव ही शहरी हाव आहे. (त्यांचं स्वतःचं नाव पुस्तकावर माझ्या तळहाताएवढं आहे.) मग मात्र माझी सटकली. आपल्याकडे भांडण कसं मिटवतात? मी टेबलावर ठेका धरला आणि उभ्या उभ्या जुळवून म्हटलं:

*मासा खाल्ला प्राध्यापकांनी, रस्सा प्याले ओरपून,
काट्यांसोबत नाव माझं ठेवलं बाजूला काढून!*

आणि मावशी, जबाब आला! ग्रासिएला बाईंनी चॉकलेटचा पेला आपटून म्हटलं, “वल्हव बाई, वल्हव!” त्यांची आजी आपल्याच किनाऱ्याची निघाली. बाहेरून चहावाल्या बायका आल्या, त्यांनी ओढला सूर. मी इतकी रडले की पुढची ओळच सुचेना. इतक्या दूर, इतक्या थंडीत, कुणीतरी माझ्या ओळीला जबाब दिला गं. आणि प्राध्यापक? यंत्र सुरू करून विचारतात, “हे कितव्या शतकातलं?”

तर मावशी, जिंकले. पहिल्या पानावर आता ‘बेनिल्दा रियास्कोस’ असं छापणार. मी अक्षरं मोठी करायला सांगितलीयत. तब्येतीला जप, जिवंत राहा, आणि आईला सांग, मी जेवतेय.

तुझी लाडकी (आणि आता ज्ञात)
बेनिल्दा

ता. क. फ्लोरिपेस बाई, माझ्या नाचाचा भाग गाळलात तरी चालेल.

ता. क. आणखी एक. खरं तर यासाठीच पत्र लिहायला बसले होते आणि माझ्याच फुशारक्या सांगत बसले. सभागृह उठून उभं राहिलं ते माझ्या ओळींवर नाही, तुझ्या जबाबावर. मी ग्रासिएला बाईंना सांगितलं, की त्या दोन ओळी माझ्या नाहीत, माझ्या मावशीच्या आहेत. त्या म्हणाल्या, छान, त्यांचंही नाव घालू, सांगा. मी म्हटलं, तोता. त्या म्हणाल्या, अहो, पूर्ण नाव? आई बाजाराला बंदरात आली होती, तिला दुकानात फोन करून विचारलं (आपल्या गावात कुठे फोन लागतो!). ती म्हणाली, “म्हणजे काय? तोताच की!” मावशी, रक्ताची नाहीस, मानलेली आहेस, पण तुझ्या मांडीवर वाढले मी, आणि मला तुझं नाव माहीत नाही. छापखाना आठवडाभर थांबायला तयार आहे. उद्याच्या होडीनं तुझं नाव पाठव, बाप्तिस्म्याचं, पूर्ण. नाहीतर त्या ओळींखाली काय छापतील ते तुला ठाऊक आहे, आणि या खेपेला ते प्राध्यापकांनी सांगितलेलं नसेल, मी सांगितलेलं असेल.