आखूड वायरचा फोन

श्रीरंग,

वैजापूरच्या कॉलेजात आज प्रात्यक्षिक परीक्षा आहे, मला जावंच लागतंय. सातपर्यंत परत येईन. तू येईपर्यंत शेजारच्या मनकर्णाबाई आईंजवळ बसणार आहेत.

आईंचा मोबाईल बंद करून माझ्या कपाटात ठेवला आहे. काल त्याऐवजी साधा वायरचा फोन आणून स्वयंपाकघराच्या दाराशी बसवून घेतला. स्क्रीन नाही, स्पीकर नाही, असाच मागितला. वायरही मुद्दाम आखूड घेतली, म्हणजे उभ्यानंच बोलावं लागेल. सोमवारी त्या खोट्या पोलिसाच्या व्हिडिओ कॉलसमोर आई चार तास डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. कोणाला हाक का मारली नाही, विचारलं तर म्हणाल्या, "साहेब उठू नका म्हणले ना. मी तर त्यांना चहा झाला का म्हणून पण विचारलं."

नवा नंबर फक्त आपल्या दोघांकडे होता. आज सकाळी फोन वाजला, मी उचलला. एक माणूस शांतपणे म्हणाला, "यमुनाबाईंना द्या." मी फोन ठेवला आणि वायर काढून टाकली.

आई म्हणाल्या, "अगं, मीच कळवला नंबर, मनकर्णाबाईंच्या मोबाईलवरून. बदलला की कळवायचा, असं बजावलं होतं साहेबांनी."

वायर जोडू नकोस. मनकर्णाबाईंना मोबाईल घरी ठेवून यायला सांगितलं आहे. कॅलेंडरवर आईंनी लिहून ठेवलेला त्या माणसाचा नंबर मी फाडून टाकला, पण तो त्यांना पाठ आहे.

मृण्मयी