आर्डेनचा बुटका पंखा

मिनेसोटा, ४ जून १९८३

ती. मार्लिसताईस, धाकट्या आर्डेनचा शि. सा. न.

माझं एका खुर्चीचं विमान तयार झालं. उडतं म्हणायला उडतं, पण शेताच्या टोकाची झाडं दिसली की नांगी टाकतं. म्हणून दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं. आवाज असा, की शेजारच्या हागेनच्या गाई दूध चोरायला लागल्या. चढणं मात्र होतं तेवढंच. काल झाडं चुकवायला वळलो तो थेट हागेनच्या शेणाच्या तळ्यात. लॉरीनने मला, सख्ख्या नवऱ्याला, अंगणात पाइपने धुतलं आणि बजावलं, जत्रेपर्यंत झाडं ओलांडली नाहीत तर इंजिन बोटीला लावीन. तू अलास्कात विमानंच दुरुस्त करतेस, काही सुचव.

लोभ असू दे, हसू नकोस.
आर्डेन

अलास्का, १५ जून

चि. आर्डेनास अ. उ. आ.

हसले, पोटभर हसले. तू पाठवलेला फोटो पाहिला. तारा, दांडे, उघड्यावर बसलेला तू. सगळं वाऱ्याला अडणारं. असं विमान सावकाशच जाणार. त्याला चार फुटी पंखा गरागरा फिरवून काय होणार? चमच्याने होडी वल्हवतोयस, आणि सरकत नाही म्हणून हात आणखी जोरात हलवतोयस. तुला मोठा, संथ पंखा हवा. तो पुष्कळ हवा हलकेच मागे ढकलतो. पण तो इंजिनाला थेट जोडशील तर इंजिन गुदमरेल. मध्ये पट्टा आणि लहानमोठी चाकं घाल, म्हणजे इंजिन भरभर फिरेल आणि पंखा संथ. जुनं हलकं इंजिनच पुरे. पंखा गवताला लागू नये म्हणून ते उंच बसव.

माया आहेच, अक्कल सोबत पाठवलीय.
मार्लिस

मिनेसोटा, १८ जुलै

ती. वन्संना लॉरीनचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं यांनी सगळं केलं. शनिवारी हे शिरस्त्राण घालून बसले, तेवढ्यात हागेनने वाऱ्याची चर्चा काढली. हे वाद घालायला उतरले आणि मी चढले. लग्नाआधी दोन उन्हाळे मी बाबांचं फवारणीचं विमान उडवलं होतं. यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विमान असं उचललं गेलं, जणू खालून कोणी हात दिला. झाडांवरून जाताना कावळ्यांची घरटी वरून दिसली. चर्चच्या सहलीवर दोन घिरट्या घातल्या. पाद्रीबाबांनी हात हलवला.

उतरले तर हे तिथेच उभे. हळूच म्हणाले, "लॉरीन, माझा नंबर कधी?"

मी म्हटलं, "तीस पाउंड वजन उतरवा, मग बघू."

आज सकाळी यांनी तिसरा पॅनकेक स्वतःहून परत केला.

आपली माया अशीच राहो.
लॉरीन