शकूच्या अपेंडिक्सचं अपील

धानोरा,
१९ सप्टेंबर १९८६

आदरणीय गुणवंतभाऊंना मुखरूचा सप्रेम जय भीम. नागपूरच्या हवेत तुमचा दमा ताब्यात असेल असं समजतो. तुमची बहीण बरी आहे. पोटावर सात टाक्यांची खूण आहे, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम दिसत नाही.

आषाढात शकूचं पोट दुखू लागलं. सरकारी दवाखान्यातले सर्जन रजेवर, म्हणून आमच्या कंपनीच्या लाकूड डेपोच्या ट्रकमध्ये घालून तिला चंद्रपूरला खाजगी दवाखान्यात नेलं. वाटेत ती म्हणत होती, "मी गेली तं पोरीले शाळेतून काढू नका जी." डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलं असतं. शकू वाचली. मग मी कंपनीच्या औषधोपचार योजनेत बिल टाकलं, ते महिन्याने परत आलं. शेरा असा, की खाजगी दवाखान्यात जाण्याआधी आठ दिवस लेखी परवानगी घेतलेली नाही. (मी शेरा तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच निघालं.)

अपील केलं. त्यात लिहिलं की अपेंडिक्सने आम्हालाच आठ दिवसांची आगाऊ सूचना दिली नव्हती. ट्रकमधलं शकूचं बोलणंही लिहिणार होतो, पण फॉर्मात तसा रकाना नव्हता. उत्तर आलं, रुग्णासह चंद्रपूरच्या कार्यालयात समक्ष हजर राहावं. गेलो. साहेब माणूस सभ्य, पण संशयी. डॉक्टरांचा दाखला उलटसुलट करून म्हणाले, "कागद कोणीही आणतो. ऑपरेशन झालं कशावरून?"

शकू तोवर गप्प होती. (मला तेव्हाच समजायला हवं होतं.) ती उठून उभी राहिली.

"काऊन नाई पटत, साहेब? खूण दाखवू का?" आणि तिने पदराला हात घातला.

"राहू द्या, बाई, राहू द्या!" म्हणत साहेबांनी डोळे मिटले आणि तसेच मिटलेले ठेवून सही केली.

तुमच्या पोरीला आशीर्वाद कळवा.

आपला,
मुखरू

ता. क. मंजुरीचा कागद काल आला. त्यात रुग्ण म्हणून माझं नाव पडलं आहे. दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसलो होतो, तर शकू म्हणाली, "गप राहा जी, एकदाचं मंजूर झालं ना?" राहिलो.

पुन्हा ता. क. आज सकाळपासून माझ्या पोटात उजव्या बाजूला दुखून राह्यलं आहे. कंपनीच्या दप्तरी माझं अपेंडिक्स निघालेलं असल्यामुळे इथे कोणाला सांगता येत नाही. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना तेवढं विचारून ठेवा, माणसाला दोन असतात का, आणि तसं ते लिहून देतील का.