चौथ्या सिलिंडरचा आवाज

प्रिय सुफी,

सोबत मोगऱ्याची दोन रोपं पाठवली आहेत. ती आधी सावलीत ठेव, पाणी घाल आणि मग निवांत बसून हे वाच. खुटबाव ते शिरूर म्हणजे काही परदेश नाही, तरी ही बाई कागद-पेन घेऊन बसली म्हणजे कुरकुंभच्या केमिकल कंपनीतला वास हिच्या डोक्यात गेला, असं तुझा नवरा, आमचे राहिलभाई, म्हणतील. म्हणू देत. तुझ्याशी फोनवर एका विषयावर बोलता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मी गाडीचं नाव काढलं की तुझा कुकर शिट्ट्या मारायला लागतो, नाहीतर दारात कुणीतरी येतं. कागदाला तसं करता येत नाही. आणि फाडून टाकलंस तर मी पुन्हा लिहीन, माझा हट्ट तुला ठाऊक आहे.

तर गाडीबद्दलच सांगते. तुझ्या भावाने, अक्रमने, अब्बांच्या कासुर्डीच्या गॅरेजमध्ये मोबाईलचं दुकान काढलं हे तुला माहीतच आहे. तेव्हा जुनी हत्यारं भंगारात गेली आणि ती चार सिलिंडरची होंडा मोटरसायकलही जाणार होती. आमच्या आप्पांना हे कळलं आणि जेवणाच्या ताटावरून उठून ते ट्रॅक्टर घेऊन गेले. अक्रमला म्हणाले, "आरं, तुझ्या बापानं आन् मी ती पाटसच्या कोंबड्यांच्या शेडातनं उचलून आणलीय. तू भंगारात घालनारा कोण?" तेव्हापासून ती आमच्या फुलांच्या पॅकिंग शेडमध्ये उभी आहे. अक्रमवर रागावू नकोस, पोराने दुकान चांगलं चालवलं आहे. त्याला त्या लोखंडात काही दिसत नाही, एवढंच. आपल्याला दिसायचं.

आठवतं का ती पहिल्यांदा आली तेव्हा? आपण आठवीत होतो. टाकीवर कोंबड्यांची घाण, हेडलाईट फुटलेला, चार सायलेन्सरपैकी एकात चिमणीचं घरटं. तुझ्या अम्मीने ओढणी नाकाला लावली आणि म्हणाली, ही गाडी घरात आली तर मी माहेरी. तुझ्या अब्बांनी, माझ्या इनुसमामांनी, वर्षभर रात्रंदिवस राबून ती उभी केली, आणि ज्या दिवशी ती चारही सिलिंडरवर बोलली त्या दिवशी तीच अम्मी स्वतः मागे बसून चौफुल्यापर्यंत भेळ खायला गेली. त्या वर्षभरात मी फक्त पाने पुढे करायला शिकले, पण तू ऐकायला शिकलीस. मामा मुद्दाम एका प्लगची वायर सैल करायचे आणि तुला विचारायचे, "कोण झोपलंय?" तू डोळे मिटून सांगायचीस, तिसरा, चौथा. मग खात्री करायला आपण सायलेन्सरच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब टाकायचो. तीन नळ्यांवर पाणी चुर्र करून उडायचं आणि झोपलेल्या सिलिंडरच्या नळीवर नुसतं ओघळायचं. तू कधी चुकली नाहीस. मला अजूनही चारही सारखेच ऐकू येतात.

आता मामा रोज वडापच्या जीपने कासुर्डीहून इकडे येतात. काठी आहे, पण ती बऱ्याचदा जीपमध्येच विसरून येतात. अपघातात मोडलेल्या मांडीची तक्रार नाही. शेडमध्ये आले की पायजम्याच्या वर आप्पांचा जुना सदरा चढवतात आणि कामाला लागतात. सगळं इंजिन उतरवलं, पिस्टनच्या रिंगा घातल्या, चारही कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुऊन आप्पांच्या फुलांच्या क्रेटमध्ये ओळीने वाळत घातले. एक दिवस आप्पांनी ते क्रेट झेंडूबरोबर टेम्पोत चढवलं. टेम्पो यवतपर्यंत पोचला होता, तिथून परत बोलावला. त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत आणि चहा मात्र एकाच किटलीतला प्यायले.

धुराची गोष्ट तर सांगायलाच हवी. चार कार्बोरेटर म्हणजे चार नाकं, चारही सारखा श्वास घेतायत का ते बघावं लागतं. मामांनी त्यासाठी सलाईनच्या चार नळ्या एका फळीवर ठोकल्या, त्यात थोडं थोडं ऑईल भरलं आणि एकेक नळी एकेका कार्बोरेटरला जोडली. चारही नळ्यांत ऑईल एका रेषेत आलं की जमलं. इंजिन सुरू केलं, मामांनी जरा जास्त रेस दिली आणि एका नळीतलं ऑईल सुर्रकन इंजिनाच्या पोटात गेलं. मग जो पांढरा धूर निघाला, सुफी, शेडचं दार दिसेना. आप्पा शेवंतीत फवारत होते. त्यांना वाटलं शेड पेटलं. पाठीवरचा पंप घेऊन ते तसेच पळत आले आणि गाडी, मामा, मी, सगळ्यांवर निंबोळी अर्क मारत सुटले. पुढचे दोन-तीन दिवस कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मामा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. तुझी अम्मी गेल्यापासून मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

इंजिन चालवलं म्हणून तू दचकली असशील. त्यांनी तुझा शब्द मोडलेला नाही. हायवेच्या डायव्हर्जनवर ते गाडीवरून पडले, पुण्याच्या दवाखान्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस की अब्बा, यापुढे गाडी तरी नाहीतर मी तरी, आणि त्यांनी उशाखालची चावी काढून तुझ्या हातात ठेवली, तेव्हा मी तिथेच होते. तू रागाने बोलली नव्हतीस, घाबरून बोलली होतीस. अम्मी जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तुझ्या जागी असते तर गाडीच विहिरीत ढकलली असती. पण एक सांगते. त्या गाडीला चावीशिवाय सुरू करायला दोन वायरी पुरतात, आणि त्या वायरी जोडायला तुझ्या अब्बांना डोळेही उघडावे लागत नाहीत. इंजिन ते तसंच चालवतात. पण स्टँडवर. आजपर्यंत एकदाही तिच्यावर बसले नाहीत. आप्पांनी एकदा सहज म्हटलं, बस की शेडातल्या शेडात. तर म्हणाले, "चावी सुफीकडं हाय." तेवढ्यावर विषय संपला.

मग मागच्या महिन्यात त्यांनी सीट उसवली. दौंडहून कुशनवाला बोलावला, आतला फोम कापून बराच खाली घेतला, हँडल मागे ओढून बसवलं. मला वाटलं, आपली चंगळ झाली. आनंदाने चढून बसले तर माझे गुडघे हँडलला लागले. माझी उंची तुला माहीत आहे, शाळेत मला कायम शेवटच्या बाकावर बसवायचे. मी विचारलं, मामा, ही कुणाच्या मापाची केली? त्यांनी उत्तर दिलं नाही, पाना शोधत राहिले. मी पुन्हा विचारलं. तरी नाही. मला राग आला. अक्रम म्हणतो तसंच, म्हातारा मुद्दाम लक्ष देत नाही, असं मनात येऊन गेलं.

पण त्या सलाईनच्या नळ्या माझ्या डोक्यातून जाईनात. तुला आठवत असेल, शोरूमवाले काट्यांचं मशीन लावून कार्बोरेटर जुळवतात म्हणून मामा त्यांची किती टर उडवायचे. "कान असताना काच कशाला?" आणि आता हाच माणूस फळीवर नळ्या ठोकून बसला होता. एकदा फर्स्ट शिफ्ट करून आले, चहा घेऊन शेडमध्ये गेले. इंजिन चालू होतं आणि मामा खाली बसले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलेलं आणि त्याची मूठ कानाला लावायची सोडून दातांत धरलेली. डोळे मिटलेले. मी मागून हाक मारली. त्यांनी इंजिन बंद केल्यावर पुन्हा मारली. शेडमध्ये शेवंतीचं पान पडलं तर ऐकू येईल इतकी शांतता होती. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकले. चहा तसाच ठेवला आणि मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, लहानपणी बसायचो तशी. मग त्यांनी सांगितलं. डाव्या कानाने काहीच येत नाही. उजव्याने आवाज येतो, शब्द येत नाहीत; समोरच्याचे ओठ बघून ते जुळवून घेतात. पडले त्या वेळी डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून हळूहळू वाढत गेलं. अक्रमच्या घरात टीव्ही आणि पोरं, सगळे ओरडूनच बोलतात, तिथे कुणाला कळणार?

सुफी, आता पुढचं नीट वाच. तू ईदला म्हणालीस ना, अब्बा अजून रागावलेत, दर रविवारी फोन करते तर "बरं हाय, ठेवतो" एवढंच बोलतात. मी त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, "ती काय बोलती ते मला कळतच न्हाई गं. उलटंसुलटं उत्तर दिलं तर पोरीला घोर लागंल. म्हनून बरं हाय म्हनतो आन् ठिवतो. आवाज तेवढा ऐकतो." रविवारी सकाळपासून ते फोन मुठीत धरून बसतात, कारण रिंग त्यांना ऐकू येत नाही, थरथर तेवढी कळते. मला ते ऐकवेना. मी उठून उगाच क्रेट लावत बसले.

मी त्यांना दौंडच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या कानाला मशीन लावलं तर शब्द नीट येतील असं ते म्हणाले, आणि पुढच्या वेळी घरचं कुणी बरोबर आणायला सांगितलं. मामांनी तुझं नाव सांगितलं. मग म्हणाले, तिला तू सांग, मला फोनवर जमायचं नाही. म्हणून हे पत्र. त्यांना आता गाडी चालवायची नाही, ऐकू येत नसताना हायवेवर जायला मी काय येडा हाय का, असं तेच म्हणाले. त्यांना मागे बसायचं आहे. आपण कॉलेजात असताना तू ती एकदाच चालवलीस, पाय जमिनीला टेकले नाहीत म्हणून आप्पांच्या झेंडूत आडवी झालीस आणि रडत म्हणालीस की पाय पुरले असते तर शिरूरपर्यंत नेली असती. ते त्यांनी तेव्हा ऐकलं होतं, आणि ती सीट तुझ्या मापाची आहे. नळ्यांत चारही रेषा जुळल्या तरी मामा म्हणतात, चौथा अजून कुरकुरत असणार, पण ते ऐकणारं माणूस शेडमध्ये नाही. तेव्हा येत्या रविवारी फोन करू नकोस, चावी घेऊन ये. पहिली चक्कर कालव्याकडच्या रस्त्याने मारू, मी आप्पांच्या स्कूटीवरून मागे येते, आणि सोमवारी डॉक्टरकडे जा. शेडमध्ये आलीस की मागून हाक मारू नकोस. समोरून ये आणि चावी दाखव.

वाट पाहणारी, तुझीच उंच मैत्रीण,
प्रांजल