दुपारचे फुकट खेळ

८ एप्रिल, मंगळवार
वि., माझा नवरा, मेहकरले गेलेला. रफिकभाई जालन्याहून आले, पिनबॉलच्या मशिनीचे रबर बदलायले. आपल्या हॉटेलाच्या बाजूच्या खोलीत वि.नं गेमा मांडल्या तेव्हापासून मी समजत होते, दहाचं नाणं टाकलं की काचेखाली गोळी पळते, बटनं दाबून पात्यानं ती वर मारायची, एवढंच. रफिकभाईंनी नाण्याचं दार उघडून आतलं बटन दाबलं. वरच्या काचेवर लाल अक्षरं सरकू लागली.
"पहा भाभी, मशीन सगळं ध्यानात ठेवते. एकूण खेळ किती, एकट्यानं किती, जोडीनं किती." मग थांबले. "फुकटचे खेळ लय दिसतात. दार उघडून आतून दिले तरच हे वाढतात. चावी कोणाजवळ असते?"
एक वि.जवळ. दुसरी माझ्या कपाटात, कधी वापरली नाही. वि. तं म्हणतो, मी हात लावत नाही मशिनीले, डोकं उठते.

९ एप्रिल
दुपारी गेमा बंद. शटर अर्धं खाली, वि. आत कूलरसमोर झोपतो. आज तो जेवत होता तेव्हा दार उघडून आकडे पाहून ठेवले. संध्याकाळी तो दूध आणाले गेला, परत पाहिले. फुकटचे वाढले. जोडीचेही वाढले.
एकटा माणूस जोडीनं खेळत नाही.

११ एप्रिल
जास्त गुणवाल्यांची नावं काचेवर दिवसभर आपोआप फिरत राहतात. गिऱ्हाईक वाचते, मीच कधी वाचली नाही. इंग्रजीतली तीन-तीन अक्षरं. पहिलं व्ही-आय-जे. विजय. त्याच्याखाली एम-आय-एन.
मीना.
माहेरी रोहिणखेडले शाळेत एका बाकावर बसलो आम्ही. तिच्या नवऱ्यानं टाकल्यावर मीच तिले इथं सुलतानपूरले आणलं. हॉटेलामागची खोली तिच्या पार्लरले मिळावी म्हणून सासूबाईशी भांडले. मागच्या आठवड्यात माझ्या भुवया करता करता म्हणे, "तुमच्या त्या गेमाचा आवाज कसा सहन करतं वं तू?" दोरा तोंडात धरून.

१२ एप्रिल
रडले नाही. भाजी चिरताना बोट कापलं. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुयं?" म्हटलं, मशिनीत. त्यायले वाटलं मिक्सरच्या.

१५ एप्रिल
रफिकभाईले फोन केला. मशीन हलवली की ती खेळ बंद पाडते, ते अजून कडक कसं करायचं?
"काऊन भाभी, पोरं धक्के मारतात काय?"
"हाव, लय मारतात."
त्यायनं सांगितलं, आत एक वजन लोंबते, ते जरासं वर सरकवायचं. खेळ बंद पाडायच्या आधी मशीन इशारे देते, ते शून्यावर आणायचे. मग नुसतं कुल्ला लागला तरी खेळ खलास. केलं.
दुपारी भांड्याच्या मोरीत बसले, भिंतीपलीकडं मशीन. गोळी सुटली. तिचं हसणं. अन् एकदम सगळं मुकं. परत गोळी. परत मुकं. मग हसणंही थांबलं. भांडे तसेच राहिले, मी ऐकत बसले. इतकं गार किती दिवसांत वाटलं नव्हतं.
संध्याकाळी वि. म्हणतो, मशीन बिघडली.
"तुमाले कसं समजलं? तुम्ही तं झोपले होते."
कप उचलून बाहेर काउंटरवर जाऊन बसला.

१७ एप्रिल
वजन, इशारे सगळं होतं तसं करून ठेवलं. नावांची यादी मात्र पुसली. आता तिथं कंपनीनं भरलेली खोटी नावं.
वि.नं पाहिलं. मी पाहिलं की त्यानं पाहिलं. गिऱ्हाइकाले सुटे देताना हात चुकला त्याचा. विचारलं मात्र नाही, यादी कुठं गेली म्हणून. विचारलं असतं तं कदाचित... नाही. तरी सोडलं नसतं.

२० एप्रिल, रविवार
लिहूनच टाकते.
नणंद आली होती लेकरं घेऊन. सासूबाई, वि., सगळे होते. मीनालेही मीच बोलावलं जेवायले. पुरणपोळी केली. तिले तूप जास्त वाढलं.
जेवण झाल्यावर म्हटलं, चला, गेमा खेळू. मीने, तू अन् मी, जोडीनं.
"मले नाही येत वं."
"मले तरी कुठं येते?"
माझी गोळी आली तशी गेली. लेकरं हसले. मग तिची. पहिली तिनं मुद्दाम सोडली, बोटं बटनावर असून दाबली नाहीत. दुसरीही. तिसरी गोळी कडेनं उतरायले लागली अन् तिचे हात तिले विचारायले थांबले नाहीत. कमरेनं हळूच टेकू देला, गोळी झेलली, पात्यावर धरून ठेवली. पोरं ओरडले, "मीनामावशी भारी!"
अन् मागून वि., "थांब मीने, थांब... आता मार!"
मीने. माझ्याशिवाय तिले असं कोणी म्हणत नाही.
गोळी वर गेली, घंट्या वाजत राहिल्या. नणंद भावाकडं पाहत होती. सासूबाई म्हणाल्या, "हे कवा शिकली वं तू?"
मीनानं हात काढून घेतले. गोळी आपली आपण खाली गेली.
मी म्हटलं, "सांग ना, आई विचारून राहिल्या."

२१ एप्रिल
वि. हॉटेलातच झोपला. बोलायचं काम आता माझ्याऐवजी सगळं घर करून राहिलं. नणंदेनं त्याले जे सुनावलं ते मले जमलं नसतं. मीनाचं शटर बंद.

२३ एप्रिल
सासूबाई पोळ्या लाटता लाटता, "माणसाची जात हाय, वैशाली. तिले काढलं, झालं. आता सोडून दे."
"तुमी सोडलं असतं काय?"
लाटणं थांबलं. पोळी जाड राहिली, तशीच तव्यावर टाकली त्यायनं.

२६ एप्रिल
वि. म्हणतो, "मशीन विकून टाकतो." म्हटलं, नाही. तिथंच राहील. दुपारीही चालू राहील, अन् काउंटरवर मी बसीन. त्यानं मान हलवली. मले वाटलं होतं ही मान पाहून बरं वाटेल.

२८ एप्रिल, सोमवार
मीना आली, छोटा हत्ती टेम्पो घेऊन, पार्लरची खुर्ची न्यायले. केस विंचरलेले नव्हते. मी दारात उभी, ड्रायव्हर खुर्चीचे नट खोलत होता.
"वैशे, खेळच होता तो. तुह्या गळ्याची आन. दिवसभर कोणी हसून बोलत नव्हतं माह्याशी, तेवढं एक होतं. दुसरं काही नाही."
"खुर्ची उचल अन् जाय."
गेली. वळून पाहिलं नाही. गाडी लोणारच्या रोडले लागली, म्हणजे रोहिणखेडले नाही चालली. कुठं चालली मग?
खोटं बोलते. लहानपणीही बोलायची, पण तेव्हा नाक खाजवायची. आज हात खालीच होते.
वि.ले एकदाच विचारायचं ठरवलं, खेळापलीकडं काही होतं काय. आत्ता समोरच बसला हाय, हिशेबाच्या वहीवर डोकं टेकून. तो 'नाही' म्हणाला, तं मग मी हे जे सगळं केलं ते...