परिपूर्ण देव आणि देवळातला पंखा

सोमवार, १० नोव्हेंबर
रविवारी संध्याकाळी मराठी मंडळात माझं व्याख्यान. विषय: परिपूर्ण देव असूच शकत नाही. सेक्रेटरी मानाजीरावांनी विचारलं, विषय जरा सौम्य करता येईल का. नाही म्हणालो. बँकेतून रिटायर झाल्यापासून डोकं भलतंच चालतं. आता म्हैसूर हलवून सोडणार.

तुळसीच्या गळ्यातल्या गाठीत सुई घालून तपासायला दिलंय. बायको धीराची आहे. रिपोर्ट शनिवारी. डॉक्टर म्हणाले, बहुतेक काही नसेल. डॉक्टर लोकांनी 'बहुतेक' हा शब्द वापरू नये. मी घाबरलेलो नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सहाला उठून लिहायचं ठरवलं होतं. आठला उठलो. कारण डास. परिपूर्ण देवाने डास कशाला केले, हा पहिला मुद्दा त्यातूनच मिळाला, म्हणजे वेळ वाया गेला नाही.

दुसरा मुद्दा: परिपूर्ण म्हणजे ज्याला कशाचीच उणीव नाही. मग नैवेद्य कशाला? तुळसी नैवेद्याला हयग्रीव हा गोड पदार्थ करायला हरभऱ्याची डाळ आणि गूळ घोटत होती. तिला विचारलं. म्हणाली, त्याला नको असेल, तुम्हाला हवंय ना, अल्वा? दोनदा वाढून घेतलं. मुद्दा पुन्हा तपासणे.

बुधवार, १२ नोव्हेंबर
लेखन: शीर्षक आणि खाली दोन रेघा. पेन बरोबर नाही.

लोक देव का मानतात? माझं उत्तर: भीती. तुळसीला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, भीती वाटतेच की हो. पण तुम्हाला सांगायला गेलं तर तुम्ही लेक्चर देता. तो सुम्मने, गप्प बसून ऐकतो. मी म्हटलं, दगड आहे म्हणून ऐकतो. म्हणाली, असू दे.
उत्तर तर्काला धरून नाही. जेवताना सारखं तिच्या गळ्याकडे लक्ष जात होतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
तुळसीला उद्या बन्नूरजवळ, तिच्या माहेरच्या नरसिंहाकडे फूल मागायला जायचंय. देवाच्या डोक्यावर फूल ठेवतात आणि मनातला प्रश्न विचारतात. उजवीकडे पडलं तर चांगलं, डावीकडे पडलं तर वाईट. म्हणजे माणसाचं नशीब वाऱ्यावर. हे तिला स्पष्ट सांगितलं.

तत्त्व म्हणून मी जाणार नव्हतो. पण तिला बसमधून एकटीला पाठवणं बरं नाही. शिवाय व्याख्यानासाठी प्रत्यक्ष पाहणी हवीच. नमस्कार करणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
नमस्कार केला. देवळाचं दार ठेंगणं आहे, वाकावंच लागतं.

नरसिंह उग्र. चांदीचे डोळे, रोख माझ्याकडे. समयांमुळे उकडतं म्हणून पुजारी जयतीर्थाचारांनी बाहेर उभा पंखा ठेवलाय, तोंड थेट गाभाऱ्याकडे. मनात म्हटलं, चोर सापडला.

पुजाऱ्यांनी पांढरी शेवंती ठेवली आणि ते प्रसादाचं बघायला मागे गेले. तुळसी डोळे मिटून बसली. फूल हलेना. ती बसून राहिली, पुन्हा पुन्हा हात जोडत होती. मला ते बघवेना. उठलो, पंख्याचं तोंड थोडं फिरवलं आणि बटण एकवरून तीनवर नेलं. फूल पडलं. चांगलं उजवीकडे.

देवाला जे जमत नव्हतं ते मी एका बटणात केलं. खुशीत प्रसादाचं पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, दोनदा घेतलं.

बसमध्ये तुळसीचा चेहरा उतरलेला. म्हटलं, आता काय, उजवीकडे पडलं ना? ती म्हणाली, उजवं देवाचं धरायचं असतं हो, आपलं नव्हे. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय. फूल त्याच्या डावीकडे गेलं.
मग घर येईपर्यंत खिडकीतून ऊस बघत राहिली. मला घाम फुटला होता. बसमध्ये गर्दी होती.

शनिवार, १५ नोव्हेंबर
एकादशी. मी मानत नाही, पण घरात काही शिजलंच नाही.

सकाळी तुळसीला पंख्याचं सांगून टाकलं. नकार देवाने दिलेला नाही, मी दिलाय. वाटलं, भडकेल. ती आधी हसली, मग रडली. मग म्हणाली, अय्यो, नरसिंहाला फसवायला गेलात? माझ्यासाठी? लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे असं कधी बघितलेलं नाही.

दुपारी रिपोर्ट आला. साधी गाठ, धोका नाही. मी लॅबच्या पायरीवरच बसलो आणि मला रडू आलं. गुडघाही दुखत होता.

संध्याकाळी व्याख्यान एका बैठकीत लिहून काढलं. परिपूर्ण देव असूच शकत नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध. कुणाची टाप नाही खोडून काढायची.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार
मानाजीरावांना फोन केला: घसा बसलाय, व्याख्यान होणार नाही. हे ओरडून सांगावं लागलं, कारण बसचा आवाज फार. बन्नूरच्या बसमध्येच लिहितोय.

देव परिपूर्ण असता तर त्याने पंख्याचं मनावर घेतलं नसतं. पण तो तसा नाही, हे मी कालच सिद्ध केलंय. त्यात हा उग्र. चांगला आलेला रिपोर्ट फिरवायचं त्याच्या मनात येण्याआधी माफी मागून आलेलं बरं. तुळसी शेजारी बसलीय. खिडकीकडे तोंड करून हसतेय.

मांडीवर हयग्रीवाचा डबा आहे. अजून हात लावलेला नाही.