पाय गार पडू देऊ नयेत

३ मे, सकाळ.
मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात रालित्सा लिहिते. शाळांच्या स्पर्धेत शंभर मीटरला पहिल्या तिघींत आली की राजधानीत, सोफिया शहरातल्या क्रीडाशाळेत जागा. म्हणजे दर शनिवारी घरी. नाहीतर आईकडे, थेट स्पेनला. काळजी नाही. मी आहे.

९ मे.
कोच ग्रोझदेव म्हणतात, शर्यतीआधी खांद्यावर जड वजन घेऊन तीन बैठका, मग आठ मिनिटं स्वस्थ बसायचं. थकवा उतरतो, जोर पायांत राहतो. म्हटलं, भट्टी विझवून पाव कोण भाजतं? तर म्हणाले, "आजीबाई, पोरगी म्हणजे पाव नव्हे." माणूस चांगला, पण अडाणी. रालित्सा लिहिताना फिस्सकन हसली.

१७ मे. स्पर्धा.
कोच लांब उडीवाल्यांकडे. रालित्सा बैठका मारून बाकावर टेकली. मी रीतीप्रमाणे तिच्या पायांपुढे पाणी ओतलं. पाण्यासारखं सुरळीत होवो! आता पाणी ओतलं की ते ओलांडून निघायचं, मग बसणं नाही. ती म्हणाली, "आजी, कोचनी बसायला सांगितलंय गं." म्हटलं, पाणी ओतलंय, ऊठ! गुणाची पोर, उठली. पाय गार पडू नयेत म्हणून शर्यतीची हाक येईपर्यंत तिला उड्या मारायला लावल्या.
चौथी आली. वारा आडवा होता. फक्त तिच्याच लेनमध्ये.

१८ मे.
आज शेजारीण त्सोन्का लिहितेय. रालित्साचा हात दुखतो म्हणे. धावली पायांनी, दुखतो हात! भट्टीत पापुद्र्यांची बनित्सा भाजली, चीज भरपूर घालून. पोरीने हात लावला नाही. पोट भरलेलं असणार.
संध्याकाळी कोच आले. म्हणाले, थकवा उतरायला वेळच मिळाला नाही. हिला बाकावरून उठवलं कुणी? मी तोंड उघडणार, तेवढ्यात रालित्सा म्हणाली, "मीच उठले."
बघा. मुलगी पहिल्यापासून मनस्वी.

२५ मे.
आईने तिकीट पाठवलं. पाठवू दे. स्पेनमध्ये हिला करमायचं नाही.

२ जून.
बसपाशी माझे दोन्ही गाल चुंबले. म्हणाली, "आजी, उन्हाळ्यात येते." उन्हाळा तर सुरूच झालाय. म्हणजे आलीच.
बस गेल्यावर त्सोन्का दंडाला धरून म्हणाली, "चल गं दोना, गेली ती." म्हटलं, घाई काय, बस वळणावर थांबेल, काही विसरलं असेल तर उतरेल पोर. त्सोन्का म्हणाली, "अगं, तिथे थांबा नाही."
हे शेवटचं लिहू नकोस, सांगितलं होतं त्सोन्काला.